रुग्णांचा वाटा आणि आजाराचा धोका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की नागपुरातील डेंग्यू-चिकुनगुनियाच्या रुग्णांचे आकडे वयोगटानुसार छापून येतात आणि ‘सर्वाधिक रुग्ण १५ ते ५९ वयोगटातील’ अशा मथळ्यावरून तरुणांनाच धोका अधिक, असा अर्थ घरोघरी लावला जातो. हा अर्थ संभाव्यतेच्या एका साध्या गणिताने तपासता येतो. त्यातील आकडे मी केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

एका वस्तीत १५ वर्षांखालील ३००, १५ ते ५९ वयाचे ६०० आणि साठीपुढचे १०० असे १,००० लोक राहतात असे मानू. आजाराचे प्रमाण या गटांत अनुक्रमे ४, ३ आणि १२ टक्के असेल, तर रुग्ण १२, १८ आणि १२, म्हणजे एकूण ४२ होतात. वस्तीतील कोणतीही एक व्यक्ती आजारी असण्याची संभाव्यता त्यामुळे ४.२ टक्के येते. पुष्कळ विद्यार्थी, त्यांत चांगले हुशारही आले, इथे तिन्ही टक्केवाऱ्यांच्या बेरजेला तीनने भागून ६.३३ लिहून मोकळे होतात. तिन्ही गटांत माणसे सारखीच असती तरच ते उत्तर बरोबर ठरले असते.

आता प्रश्न उलटा करू. या ४२ रुग्णांतून एक निवडला, तर तो मधल्या वयोगटातला असण्याची संभाव्यता १८ भागिले ४२, म्हणजे सुमारे ४३ टक्के, आणि साठीपुढचा असण्याची सुमारे २९ टक्के. मथळा तयार झाला. परंतु याच वस्तीत आजोबांना आजार होण्याची शक्यता त्यांच्या कमावत्या मुलाच्या चौपट आहे, आणि मुलाचा गट सहापट मोठा असल्यामुळेच ती झाकली गेली. रुग्ण तरुण असण्याची संभाव्यता एक आणि तरुण रुग्ण असण्याची दुसरी. एकीवरून दुसरी काढायची तर गटाची लोकसंख्या हाताशी लागते, हेच थॉमस बेझ यांच्या नावाचे प्रमेय सांगते. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्केच होते, त्यामुळे नुसत्या रुग्णसंख्येत ते मागेच दिसणार. महानगरपालिकेच्या दहा झोनची तुलना करतानाही हीच अडचण येते: जिथे वृद्ध अधिक, तिथले एकूण प्रमाण केवळ तेवढ्यामुळे चढे दिसू शकते.

तेव्हा अशा तक्त्यात प्रत्येक वयोगटाची लोकसंख्या आणि दर हजारी रुग्ण असे दोन रकाने वाढवावेत, आणि ते शक्य नसेल तिथे कोणत्या वयाला धोका अधिक याविषयी बातमीत काही म्हणू नये, ही विनंती.

— एक निवृत्त गणित शिक्षक, धरमपेठ, नागपूर