पैसे ३,००० आयओपीएसचे, सकाळी मिळतात ९००

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: डिस्कचा वेग (आयओपीएस, म्हणजे सेकंदाला होणारी वाचने-लेखने) व प्रोसेसर ठरल्याप्रमाणे मिळत नसल्याबाबत तक्रार

महोदय,

कांदा व्यापाऱ्यांच्या हिशोबपट्ट्या तयार करणारे आमचे सॉफ्टवेअर दोन वर्षांपासून तुमच्या क्लाउडवर चालते. गेल्या महिन्यापासून सकाळचे लिलाव सुरू झाले की एकेक पट्टी निघायला मिनिटभर लागतो. माल रिकामा करून शेतकरी पैशांसाठी ताटकळतो आणि व्यापारी आमच्यावर चिडतात. त्यांचे चिडणे रास्त आहे.

दोष आमच्या डेटाबेसचा, असे तुमच्या सपोर्टने सांगितले. म्हणून त्याच झोनमध्ये (तुमच्या डेटा सेंटरच्या त्याच विभागात) त्याच प्लॅनचे दुसरे मशीन स्वखर्चाने घेतले. त्यावर आमचे काहीही ठेवले नाही. सात दिवस क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) डिस्कचा वेग मोजणारे एफआयओ चालवले: ४ केबीचे ब्लॉक, रँडम रीड (विखुरलेल्या जागांवरून वाचन), क्यू डेप्थ ३२ (एका वेळी ३२ विनंत्या), दर दोन तासांनी १० मिनिटे. मध्यरात्री ठरलेले ३,००० आयओपीएस पुरेपूर मिळतात. सकाळी दहा ते दुपारी दोन ९०० च्या आसपास, आणि एका रीडचा सरासरी वेळ ११ मिलिसेकंदांवरून ३५ वर जातो.

मग उत्तर आले, की कॅशमुळे (मेमरीत ठेवलेल्या प्रतींमुळे) आकडे फसवे आले असतील. चाचणी डायरेक्ट आयओ (कॅश टाळून थेट डिस्कवरून वाचन) चालू ठेवूनच घेतली होती, कमांड पहिल्याच मेलमध्ये होती. शिवाय पेज कॅशने आकडा फुगतो, घटत नाही. बँडविड्थची मर्यादा म्हणावी, तर ४ केबीचे ३,००० रीड म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी.

प्रोसेसरचीही तीच गत. सकाळच्या वेळी प्रोसेसरची चाचणी घेणारे सिसबेंच चालवले, की व्हीएमस्टॅट या कमांडच्या एसटी (हिरावलेला वेळ) रकान्यात १८ ते २२ टक्के दिसतात. आमचे काम तयार असताना तेवढा वेळ तुमचा हायपरव्हायझर (एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) खरा प्रोसेसर दुसऱ्या कुणाला देतो आहे. आमचा प्लॅन स्वस्तातला क्रेडिटवाला (प्रोसेसर मोजूनमापून देणारा) नाही. आम्ही राखीव कोअरचे पैसे भरतो.

सर्वांत जास्त लागले ते तिसरे उत्तर: अपटाइम ९९.९५ टक्क्यांच्या खाली गेला नाही, त्यामुळे कराराचा भंग नाही. मशीन चालू होते, हे आम्हीही नाकारत नाही. पण आयओपीएसचा आकडा तुमच्या दरपत्रकात छापलेला आहे आणि बिलात त्याची वेगळी ओळ आहे.

दुसऱ्या झोनमध्ये हीच कमांड दिवसभर ३,००० दाखवते. तेव्हा आमची मशीन तिकडे हलवावीत आणि त्या स्थलांतराचे डेटा ट्रान्सफर शुल्क लावू नये. गेल्या महिन्याचे डिस्कचे शुल्क परत करावे. सातही दिवसांच्या चाचण्यांचे निकाल (जेसन आउटपुट) आणि कमांड सोबत जोडल्या आहेत. कृपया ते उघडून वाचलेल्या अभियंत्याकडूनच लेखी उत्तर यावे. पुढच्या सोमवारपर्यंत ते न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू.

आपला,
एक ग्राहक, नाशिक