या डिसेंबरला आम्ही येत नाही

एडिसन, न्यू जर्सी
12 ऑक्टोबर, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा परवा मिळाला. आई, चकल्या अख्ख्या आल्या, कडबोळी तेवढी दोन-चार मोडली. सईनं दिवाळीची वाट न बघता डबा उघडला आणि मी तिला रागावले नाही. तुझ्या हातचा वास आला की मलाच धीर धरवत नाही, तिला काय सांगू?

जे लिहायचं आहे ते गेल्या रविवारी फोनवर अर्धं सांगून झालं होतं. बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. आईनं गॅसवर दूध ठेवलंय म्हणून फोन ठेवला. तुमचं ते "बरं" मी लहानपणापासून ऐकते आहे, त्यामुळे आठवडाभर झोप नीट लागली नाही. म्हणून पत्र. पत्रात मला पूर्ण बोलता येतं आणि तुम्हालाही दोनदा वाचता येतं.

तर, या डिसेंबरला आम्ही तिघं मिरजेला येत नाही. तिकिटं बदलून झाली. आता जूनचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य. तीन आठवड्यांऐवजी सात आठवडे. आषाढी तुमच्याबरोबर करू. आई, तू म्हणशील पावसात येऊन काय करणार. तुझ्या हातची भजी खाऊ आणि कुठेही जाणार नाही. दर वर्षी आमचे निम्मे दिवस पुणे, कोल्हापूर आणि लोकांच्या लग्नांत जातात, त्यापेक्षा हे बरं.

कारण सईच्या शाळेचं गाणं-वाजवणं. ती चेलो वाजवते ना, ते गजानं वाजवायचं मोठं तारांचं वाद्य. 16 डिसेंबरला हिवाळी कार्यक्रम आहे, आणि जानेवारीत आपल्या भागातल्या सगळ्या शाळांमधून मुलं निवडून जो मोठा वाद्यवृंद करतात, त्याची निवडचाचणी. दर वर्षी आम्ही दहा डिसेंबरलाच निघायचो. सहावीत असताना ती अशीच कार्यक्रमाच्या आधी निघाली आणि तिची खुर्ची रिकामी राहिली. तेव्हा तिनं तोंडातून शब्द काढला नाही. विमानात मात्र मांडीवर डाव्या हाताची बोटं दाबत बसली होती, एक-तीन-चार, एक-तीन-चार. मला वाटलं चाळा आहे. नंतर कळलं, ती तो सबंध कार्यक्रम मनात वाजवत होती. बाबा, तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री मला पेटी उघडू द्यायचा नाहीत तेव्हा मी पाटावर बोटं चालवायचे, आठवतं? तेच. ते बघून झाल्यावर या वर्षी मला तिला उचलून आणवलं नाही.

तुम्हाला वाटेल, शाळेतल्या गॅदरिंगसाठी एवढं काय. मलाही आधी तसंच वाटायचं. आमच्या शाळेत संगीत म्हणजे सकाळची प्रार्थना आणि पंधरा ऑगस्टचं बँडपथक. मला तो साइड ड्रम हवा होता आणि माझ्या हातात लेझीम दिली, कारण ड्रम मुलांचा. इथे गाणं हा गणितासारखा वेळापत्रकातला विषय आहे. त्याचे शिक्षक पगारी आहेत, आणि वाजवणाऱ्यांसाठी, गाणाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या आहेत. चौथीच्या सुरुवातीला मुलांना सगळी वाद्यं वाजवून दाखवतात आणि मग मूल आपलं आपण निवडतं. फुंकून वाजवायची आणि तालवाद्यं घेतली तर बँड, तारांची घेतली तर ऑर्केस्ट्रा, नुसता गळा असेल तर कोरस. पहिली दोन वर्षं आठवड्यातून एकदा चार-पाच मुलांना वर्गातून बाहेर काढून शिकवतात, आणि दर आठवड्याला वेगळा तास बुडेल अशी पाळी लावतात, म्हणजे एकाच विषयाचं नुकसान होत नाही. आता सातवीत तिचा एक दिवस ऑर्केस्ट्रा, एक दिवस कोरस. पालकसभेत बाईंनी सांगितलं की बॉस्टनच्या सरकारी शाळांनी 1838 साली संगीत अभ्यासक्रमात घेतलं, लोवेल मेसन नावाच्या गृहस्थांनी त्यासाठी खटपट केली. 1838! विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते 1901 साली, हे तुम्हीच मला पाठ करून घेतलं होतंत. मी मनात वजाबाकी केली आणि तुमची आठवण आली. न्यू जर्सीत तर कुठल्या ना कुठल्या कलेचे पाच क्रेडिट घेतल्याशिवाय हायस्कूल पूर्णच होत नाही. म्हणजे हा फावल्या वेळचा छंद नाही, बाबा. अभ्यास सोडून काही चाललेलं नाही.

खर्चाचंही सांगते, कारण आई विचारणार. शाळा शिकवण्याचे पैसे घेत नाही. चेलो मोठा असतो, रोज बसमधून नेता येत नाही, म्हणून शाळेत वाजवायला शाळेचाच आणि घरी एक भाड्याचा. भाडं महिन्याला चाळीस डॉलर. लगेच रुपयांत गुणू नका. मूल वाढतं तसं दुकानदार लहान बदलून मोठा देतो, आता ती पाऊण मापावर आहे.

आता तुमच्या "बरं"कडे येते.

सईनं रविवारचा पेटीचा तास बंद केला असं मी फोनवर म्हणाले. शब्द चुकला माझा. बंद नाही. रविवारी सकाळी तिची तालीम असते म्हणून शनिवारी करायचा, आणि आठवड्याऐवजी पंधरवड्याला. तुम्ही तिला दीड वर्ष फोनच्या पडद्यावर बोटं दाखवून शिकवलंत, त्यातलं एक अक्षर वाया गेलेलं नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. परवा काय झालं ते ऐका.

ती चेलो जुळवत होती. आधी गजाला राळ लावते, त्याचा पांढरा भुगा काळ्या चड्डीवर सांडतो आणि मी ओरडते, हे रोजचंच. मग चेलोच्या खालच्या दांडीचं टोक चटईत रोवते (लाकडी जमिनीला दोन भोकं पडून झाली, आता पट्टा आणला आहे). तिनं ट्यूनर लावला नाही. तुम्ही पाठवलेली छोटी पेटी पुढे ओढली, डाव्या हातानं भाता, उजव्या हाताचं बोट सहाव्या पांढऱ्या पट्टीवर, पांढरी सहावर, आणि म्हणाली, "आई, आता तू भाता धर." मी भाता धरला. ती तार लावत गेली. चार तारा: सगळ्यात जाड तार पांढरी एक, मग पांढरी पाच, मग पांढरी दोन, मग पांढरी सहा. मला म्हणाली, "आजोबांना सांग, प्रत्येक शेजारच्या दोन तारा म्हणजे सा आणि प." कोणी सांगितलं, विचारलं. म्हणाली, "कोणी नाही, ऐकू येतं." बाबा, तो प तिच्या कानात तुम्ही घातला आहे. शाळेनं नाही.

जाड तार लागली तेव्हा चेलोची पाठ तिच्या छातीला टेकलेली होती आणि तिनं डोळे मिटले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरसात चिंचेच्या झाडाखाली तुमच्या मांडीवर झोपायचे मी, आणि तानपुरा तुमच्या अंगातून माझ्या कानात यायचा. मला तेच आठवलं. भात्यावरचा हात थांबला माझा. ती म्हणाली, "आई, हवा!"

कोरसचं तर तुम्हाला नवलच वाटेल. भजनी मंडळात बुवा म्हणतात तेच सगळे म्हणतात. इथे चार रांगा चार वेगळे स्वर धरतात, आणि ते एकमेकांत बसतात. सई आल्टोत आहे, म्हणजे मुलींतली खालची पट्टी. चाल बहुतेक वरच्या मुलींकडे असते, आल्टोवाल्यांना आपला स्वर धरून उभं राहायचं असतं, शेजारची कितीही गोड गात असली तरी. सुरुवातीला ती कानावर हात ठेवून गायची. आता दोन्ही ऐकते. आणि त्यांचा पहिला स्वर "डो" आपल्या "सा"सारखाच कुठेही ठेवता येतो. बाई हातानं खुणा करतात, डोसाठी मूठ, सोलसाठी आडवा तळवा, आणि ऐंशी मुलं नुसत्या हातावर गातात. वाकून नमस्कार करावासा वाटतो त्या बाईंना.

तुम्ही मनात म्हणत असाल, हे सगळं परक्यांचं. पेटीही परक्यांचीच होती ना? पॅरिसमध्ये 1842 ला तिचं पेटंट निघालं, इकडे येऊन ती भाता हातानं ओढायची झाली, आणि 1940 ते 1971 आकाशवाणीनं तिला दारात उभं केलं नव्हतं. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा, "परकी म्हणे! पेटीवाल्या गोविंदराव टेंब्यांना विचारा!" मी कोपऱ्यात गृहपाठ करत ऐकायचे. सईच्या चेलोलाही थोडी जागा द्या, बाबा. एवढंच मागते.

आणखी एक, जे फोनवर कधी बोलता आलं नसतं. संगीताच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेनंतर माझं शिकणं सुटलं, दहावीचं वर्ष म्हणून. तुम्ही सोडायला लावलंत असं मी कधीच म्हणणार नाही. तेव्हा घरात एकाचा पगार, दादाचं इंजिनिअरिंग, आजीचं दुखणं; दुसरं काय करणार होतात? तुम्ही मला साइड ड्रमच्या बदल्यात सतारमेकरांच्या गल्लीतून भोपळ्याची खेळण्यातली एकतारी आणून दिली होतीत, ती अजून माझ्याकडे आहे. पण सुटलं ते सुटलंच. सईचं सातवीत सुटू नये म्हणून मी एक डिसेंबर तुमच्याकडून घेते आहे. हा निर्णय माझा. तिच्यावर किंवा जावयावर राग धरू नका. तो तर अजून म्हणतो आहे, मी एकटा जाऊन येतो.

आता कामाचं.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही "ती आली की करू" म्हणून मागे टाकत होतात. ते आता चालणार नाही. डॉक्टरांकडून नोव्हेंबरचा तिसरा आठवडा मिळाला आहे, दादा बुधवारी पुण्याहून येऊन आठ दिवस राहील. त्याच्याशी वाद घालायचा नाही. डोळ्यात थेंब वेळेवर. तक्ता मी मोठ्या अक्षरात करून दादाला पाठवला आहे, तो फ्रीजवर लावेल. डॉक्टर सांगतील तोपर्यंत डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, रात्री डोळ्यावर झाकण ठेवायचं. आणि पेटी उचलायची नाही. गुरुवारच्या भजनाला पेटी मंडळातली पोरं नेतील, त्यांना मी फोन केला आहे. तुम्ही नुसतं जाऊन बसा.

आई, गीझरचा माणूस मंगळवारी येईल, पैसे भरलेले आहेत, त्याला परत देऊ नकोस. बाथरूममध्ये नवी रबरी मॅट घातलीस का? जुनी फेकून दे, ती धुऊन गॅलरीत वाळत घालायची नाही. पोळ्यांच्या मावशी आता संध्याकाळीही येतील. तू म्हणशील दोघांना किती लागतं, पण तुझे गुडघे सांभाळायचे आहेत मला. साखर पंधरा दिवसांनी तपासून दादाला कळवायची. बाबांना ऑपरेशननंतर शिरा करशील तेव्हा तू त्यातला अर्धा चमचा खायचा, वाटी नाही. रागावू नकोस. तू मला तापात पेज भरवताना अशीच दटावायचीस.

16 तारखेचा कार्यक्रम इथे संध्याकाळी सात वाजता आहे. म्हणजे तुमच्याकडे 17 ला पहाटे साडेपाच. बाबा उठलेलेच असतात काकड्याच्या सवयीनं. शाळा कार्यक्रम थेट दाखवते. दुवा दादा टीव्हीवर लावून ठेवेल, तुम्ही फक्त मधलं बटण दाबायचं. ऑर्केस्ट्रात ती समोरून बघितलं तर उजव्या बाजूला, दुसऱ्या रांगेत. कोरसमध्ये उंचीमुळे मागच्या पायरीवर. पांढरा शर्ट, काळा स्कर्ट, आणि आई, तू दिलेल्या मोत्याच्या कुड्या. बाईंना विचारलं, चालतील म्हणाल्या.

जूनमध्ये चेलो आणता येणार नाही, त्याला विमानात वेगळी सीट लागते. ती गळा घेऊन येईल. आषाढीला तुम्ही पांढरी एक धरा, ती खालचा स्वर धरते म्हणाली आहे. तोवर पेटीच्या पांढरी तीनची पट्टी अडकते ती दुरुस्त करून घ्या, ती तिलाही ऐकू येते.

दोघांना साष्टांग नमस्कार. सईचा गोड पापा.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, शनिवारी साडेसात वाजता (तुमच्या संध्याकाळी) फोन पेटीसमोर उभा करून ठेवा. गेल्या वेळी तुमचा हात दिसत नव्हता, नुसतं छत दिसत होतं, आणि ती तास संपेपर्यंत तुम्हाला सांगायला लाजत होती.