घरचा व्हेंटिलेटर घेताना

संपादक महोदय,

पावसाळ्यात दिवा, घोडबंदर भागात वीज गेली की घरच्या व्हेंटिलेटरची खरी परीक्षा होते. माहितीपत्रकातले बॅटरीचे तास नव्या बॅटरीचे असतात. बॅटरी जुनी झाली किंवा यंत्राचा हवेचा दाब वाढवला की ते घटतात. म्हणून खरेदीपूर्वी रुग्णाच्याच सेटिंगवर, टेस्ट लंग (फुफ्फुसाच्या जागी जोडायची चाचणीची पिशवी) जोडून, प्लग काढून वेळ मोजा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखाच सलग प्रवाह देणारा हवा.

अलार्मही तपासा. श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेली बारीक ट्यूब निसटली तरी तिच्याच अडथळ्यामुळे यंत्राला दाब ठीक वाटतो आणि कमी दाबाचा अलार्म गप्प राहू शकतो. लहान मुलांत हा धोका फार मोठा! सोबत पल्स ऑक्सिमीटर ठेवाच. यंत्र दुरुस्तीला गेल्यास बदली यंत्र किती तासांत, हे लेखी घ्या. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कायम उशाशी.

– एक वाचक, ठाणे