“हं” मोजून बघ

प्रिय दोस्ता,

फोनवर म्हणालास, ‘आमच्यात भांडणं नाहीत, पण बोलणंही उरलेलं नाही.’ मग भांडणांचं राहू दे, संध्याकाळी घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटं बघू.

वहिनी म्हणतात, “जास्वंदीला कळी आलीय, बघितलीस का?” तू मोबाइलमधून मान वर न काढता “हं” म्हणतोस. जास्वंद निमित्त रे, हाक तुला असते. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांची अशीच किरकोळ बोलणी चित्रित करून तपासली. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा हाकांना ८६ टक्के वेळा ओ दिली होती. ज्यांचे घटस्फोट झाले, त्यांनी ३३ टक्के.

ओ द्यायला अर्धा मिनिट लागतो. फोन पालथा ठेव, उठून कळी बघ, एखादा प्रश्न विचार. नुसत्या “छान”नंतर समोरच्यानं पुढे काय बोलायचं? वेळ नसेल तर “कुकर उतरवून आलोच” म्हण, आणि खरंच जा. सांगून न जाणं “हं”पेक्षा वाईट.

आनंदाच्या बातमीला तर जास्तच जपायचं. समज, वहिनींना बढती मिळाली. कोणी “अभिनंदन” म्हणून टीव्हीकडे वळतो, कोणी “आता रोज उशीर होणार का?” विचारतो, कोणी स्वतःच्या ऑफिसचं पुराण लावतो. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या अभ्यासात हे तिन्ही प्रकार नात्याला मारकच दिसले. चौथा तेवढा कामाचा: “कधी कळलं? साहेब नेमकं काय म्हणाले?” म्हणजे तो क्षण त्यांना पुन्हा जगू द्यायचा. तुझी खोड दुसऱ्या प्रकारची, ‘उशीर होणार का?’वाली. बोलतोस काळजीपोटी, त्यांना ऐकू येतं खुसपट.

कौतुक नेमकं कर. “तू किती करतेस” हवेत विरतं. “डॉक्टरांना तू विचारलंस म्हणून आईची गोळी बदलली” लक्षात राहतं. मागे ‘पण’ जोडू नकोस. ‘भाजी मस्त, पण मीठ...’ यात मीठच उरतं.

तक्रारही अशीच, एका वस्तूपुरती: “ओला टॉवेल दोरीवर टाकशील?” ‘तू नेहमी’ने सुरुवात केलीस की उत्तरात बचावच मिळणार. छाती धडधडायला लागली तर निदान २० मिनिटं थांब, पण परत कधी बोलायचं ते सांगून. तेवढ्या वेळात मनात उत्तरं घोळवलीस तर थांबणं फुकट.

या आठवड्यात एवढंच कर, दिवसाचे “हं” मोज.

तुझाच

ता. क. हे पत्र वहिनींना जरूर दाखव. फक्त त्यांचे “हं” मोजायला बसू नकोस.