"पंप घेऊन दाखवा" म्हणणाऱ्या ताईंना

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत श्वासाच्या रुग्णांच्या घरोघरी जाणाऱ्या परिचारिकाताई आणि त्यांचे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, दम वाढला की औषध वाढवून द्या, असा घरच्यांचा धोशा असतो. तुम्ही मात्र आधी औषध ओढायच्या इनहेलरकडे बोट दाखवून म्हणता, "पंप घेऊन दाखवा." मनापासून आभार आहेत ते याचेच.

पंप हलवायचा, श्वास पुरता सोडायचा, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यात) एकच फवारा, सावकाश खोल श्वास, १० मोजेपर्यंत रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. दोन्ही एकदम मारले की बरेचसे औषध स्पेसरलाच चिकटते. फडक्याने पुसलेल्या स्पेसरचेही तेच, कारण घासून प्लास्टिकवर विद्युतभार येतो. साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळू द्यायचा. रोटाकॅप, म्हणजे भुकटीच्या औषधाची कॅप्सूल, मात्र जोराने ओढायची. आपल्या पावसात उघडी राहिलेली कॅप्सूल ओल धरते, भुकटीच्या गुठळ्या होतात, छातीत काही पोचत नाही. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ राहिली की तोंडात पांढरी बुरशी येते, आणि कंटाळून माणूस पंपच सोडतो.

स्वयंपाक गॅसवर होतो म्हणून घरे निर्धास्त असतात. तुम्ही न्हाणीत डोकावता. अंघोळीच्या पाण्याखाली चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि सोडणे (नारळाच्या शेंड्या) धुमसत असतात, तो धूर रोज आत येतो. हे दवाखान्यात बसून कोणाला दिसले असते?

तुमच्या फिजिओथेरपिस्टांचेही ऋण मोठे. दमाच्या भीतीने बसून राहिले की मांड्या झिजतात आणि चार पावलांतच दम लागतो. नाकाने दोन मोजत श्वास घ्या, ओठांचा चंबू करून चार मोजत सोडा, हे शिकवत आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे त्यांनी माणसे चालती ठेवली.

डॉक्टरांनी ऑक्सिजन मिनिटाला २ लिटरवर लावून दिलेला असतो, रात्री घरचे मायेने काटा वाढवतात. अशा काही रुग्णांत त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो. सकाळी डोके दुखते, गुंगी येते. त्यांच्यासाठी ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के पुरे, हे तुम्ही न रागावता पुनःपुन्हा सांगता. वीज गेली तर १५०० लिटरचा भरलेला सिलिंडर २ लिटरने साधारण १२ तास चालतो, हा हिशेबही तुम्हीच करून दिलात.

भिंतीवर लावलेला तुमचा कागद तसाच आहे: कफ पिवळा-हिरवा झाला किंवा दम नेहमीपेक्षा वाढला, तर त्याच दिवशी केंद्रात फोन, ओठ निळे पडले किंवा एक वाक्यही पुरे बोलवेना, तर थेट १०८.

आपले,
रुग्णांची घरची माणसे