बेसमेंटच्या खिडकीसाठी, काका

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

परवा बांधकाम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने आमच्या बेसमेंटच्या परमिटच्या (बांधकाम परवान्याच्या) कार्डावर शेवटची सही केली आणि मी लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि थंडीत आमची गाडी नीट सुरू होते ना, ते विचारत बसलात. आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हे आता ठाऊक आहे. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय. इथे मिनेसोटात आपल्यातले बरेच जण बेसमेंट करून घेतात, त्यांच्याही हे कानावर पडावं.

आई-बाबा एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी येणार. त्यांना वरची खोली द्यायची आणि लेकाची सोय खाली करायची, असं ठरलं होतं. पहिला काँट्रॅक्टर म्हणाला, "घराच्या आतलं काम, बाहेरून कोणाला दिसतंय? परमिटच्या भानगडीत पडू नका." आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी हे तुम्हाला सहज सांगितलं. तुम्ही विचारलंत, "तिथे झोपणार कोण?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर.

तेव्हा बेसमेंटला छताला चिकटून एक अरुंद खिडकी होती. तुम्ही लेकाला हाक मारलीत. "आग लागलीय, जिन्यात धूर भरलाय. इथून बाहेर पड बघू." तो हसत खुर्चीवर चढला. डोकं गेलं, एक हात गेला, खांदा अडकला. मग त्याचं हसू थांबलं. तेरा वर्षांच्या पोराचे ते लोंबणारे पाय माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत.

मापं तुम्ही पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलीत. खिडकी उघडल्यावर मोकळी जागा निदान ५.७ चौरस फूट, उंची २४ इंच, रुंदी २० इंच, आणि खालची कड खोलीच्या जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नको. मी म्हटलं, मग २० बाय २४ ची घेऊ. तुम्ही माझ्याकडूनच गुणाकार करून घेतलात: जेमतेम ३.३३ चौरस फूट! एक माप किमान घेतलं तर दुसरं वाढवावंच लागतं. "नुसतं पोर बाहेर पडून भागत नाही, पाठीवर सिलिंडर घेतलेला फायरफायटर आत यायला हवा," हे तुमचं वाक्य ऐकलं आणि परमिटबद्दलची माझी कुरकुर संपली.

नकाशा तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीने काढलात. खणायच्या आधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइन्सवर खुणा करून देणाऱ्यांच्या नंबरला, फोन करायला लावलात. गॅसच्या लाइनचे पिवळे झेंडे खिडकीच्या जागेपासून चार हातांवर लागले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. फोन केला नसता तर? जमीन गोठायच्या आत भिंत कापून झाली, बाहेरचा खड्डा झाला, त्यात शिडीही बसली.

आणि तरी पहिल्या तपासणीत अडलोच. ड्रायवॉल, म्हणजे भिंत झाकणारे जिप्समचे बोर्ड, लावण्याआधीची ती तपासणी. इन्स्पेक्टरने टॉर्च मारून दोन गोष्टी दाखवल्या. वायरींची भोकं स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडाच्या) कडेला फार जवळ होती आणि त्यावर लोखंडी पट्ट्या नव्हत्या. शिवाय काँक्रीटची भिंत आणि नवीन लाकडी भिंत यांच्यामधली फट वर छतापर्यंत उघडी होती, म्हणजे आगीला आतून चढायला रस्ताच. माझं अवसान गळालं. तुम्ही म्हणालात, "अगं, चांगला इन्स्पेक्टर मिळालाय. ड्रायवॉल लागल्यावर हे कोणाला दिसलं असतं?"

मग तुमचे ते दोन शनिवार. तुम्ही स्टुलावर, लेक खाली मांडी घालून. भोक कडेपासून सव्वा इंचाच्या आत असलं की तो खूण करायचा, तुम्ही पट्टी धरायचात, तो हातोडी मारायचा. "इथे उद्या तू चित्र टांगायला स्क्रू मारशील, तो या पट्टीवर अडला पाहिजे, वायरीत नाही," असं तुम्ही त्याला सांगत होतात. फटीत मिनरल वूल, ती न जळणारी लोकर, त्यानेच दाबून भरली. हात दोन दिवस खाजत होते, पण एका शब्दाने तक्रार केली नाही. दुसऱ्या वेळी इन्स्पेक्टरने नेमक्या त्याच भिंतीवरून टॉर्च फिरवला, मान डोलावली आणि सही केली.

शेवटच्या तपासणीला खालच्या धुराच्या अलार्मचं बटण दाबलं आणि घरभरचे सगळे अलार्म एकदम किंचाळले. इतका कर्कश आवाज आणि मला इतकं शांत वाटलं!

काल रात्री इथे पुन्हा बर्फ पडला. तुम्ही बजावून ठेवलंय म्हणून लेकाने शाळेत जाण्याआधी खिडकीबाहेरचा खड्डा साफ केला. मग आतून खिडकी उघडून शिडीने वर आला आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. बर्फाने माखलेले बूट, लाल झालेलं नाक. मी त्याला दारातच मिठी मारली.

तुमचा टेप आमच्याकडे राहिलाय, रविवारी घेऊन येते. काकूंना नमस्कार.

आपली,
तुमच्या छोट्या मदतनिसाची आई