पुरंदर होईपर्यंत लोहगाव वाऱ्यावर सोडू नका : नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्र्यांना एका पुणेकराचं खुलं पत्र

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक व सहकार राज्यमंत्री,

सप्रेम नमस्कार.

अख्खं पुणं तुम्हाला अण्णा म्हणतं म्हणून मीपण तेच म्हणतो, राग मानू नका. थेट मुद्द्यावर येतो. लोहगाव विमानतळाबद्दल काहीही बोलायला गेलं, गर्दीबद्दल, धावपट्टीबद्दल, रस्त्याबद्दल, की फिरून फिरून एकच उत्तर कानावर येतं, पुरंदरचा नवा विमानतळ झाला की सगळं सुटेल. हे उत्तर आता पुरे झालं. पुरंदर होईल तेव्हा होईल, तोपर्यंत पुण्याचा विमानतळ म्हणजे लोहगावच आहे, आणि तो अजून बरीच वर्षं असणार आहे, असं गृहीत धरून सरकारने काम करावं एवढंच मला या पत्रात सांगायचंय.

हे पुरंदरचं गाडं किती वेळा अडलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. त्याच्या आधी चाकण झालं, मग राजगुरुनगरच्या बाजूला जागा बघून झाली, तिथे जमलं नाही. 2016 ला पुरंदर जाहीर झालं, 2018 ला संरक्षण खात्याची परवानगी आली, मग सरकार बदललं, जागा बदलायची ठरली, ती परवानगी गेली, आणि परत फिरून त्याच सात गावांवर गाडी आली. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. 2025 मध्ये तिथे सर्व्हेला माणसं गेली तेव्हा गावकऱ्यांनी किती विरोध केला ते सगळ्यांनी पाहिलं. जमीन मिळाली तरी त्यानंतर विमानतळ उभा राहायला वर्षं लागतात, नवी मुंबईचा विमानतळ आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि तो शेवटी ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन होऊन डिसेंबरात सुरू झाला. म्हणजे पुरंदरच्या भरवशावर लोहगावचा खर्च पुढे ढकलायचा याचा अर्थ आज प्रवास करणाऱ्या माणसाला सांगायचं की तू दहा वर्षं कळ काढ.

आधी जे चांगलं झालंय ते मोकळेपणाने सांगतो. नवीन टर्मिनल चांगलं आहे. जुन्या टर्मिनलमध्ये सिक्युरिटीची रांग जिन्यापर्यंत यायची, बसायला खुर्ची नाही, लोक चार्जिंगच्या खांबाभोवती फरशीवर बसलेले, ते दिवस आठवले की नव्या इमारतीत शिरल्यावर खरंच बरं वाटतं. एरोब्रिज आले, जागा आली, छत उंच झालं. पण तिथेही बघा काय झालं, 10 मार्च 2024 ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं आणि पहिला प्रवासी आत गेला 14 जुलैला. चार महिने नवी कोरी इमारत तयार, आणि बाजूच्या जुन्या इमारतीत माणसं एकमेकांच्या अंगावर, कारण विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफच्या जादा मनुष्यबळाची मंजुरी यायची होती. जूनमध्ये तुम्ही मंत्री झालात आणि जुलैत ते सुरू झालं. म्हणजे दिल्लीत बसून कुणी पाठपुरावा केला की काम हलतं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच तर हे पत्र तुम्हाला लिहितोय, दुसऱ्या कुणाला नाही.

पण टर्मिनल म्हणजे विमानतळ नव्हे ना अण्णा. इमारत 2024 ची आहे, तिच्या पलीकडचं सगळं जुनं आहे. हा मुळात हवाई दलाचा तळ, ब्रिटिशांच्या काळात 1939 ला सुरू झालेला, आपण नागरी प्रवासी तिथे एका कोपऱ्यात. धावपट्टी एकच, तीही 2535 मीटरची. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळ आहे. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसला टेकतो, गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, विमानाला जास्त पळावं लागतं. मग लांबच्या प्रवासाला टाक्या भरून, माणसं भरून मोठं विमान इथून उठूच शकत नाही, एकतर इंधन कमी घ्या नाहीतर माणसं कमी घ्या, आणि कुठली कंपनी तोट्यात विमान उडवेल. म्हणून आपलं इंटरनॅशनल म्हणजे दुबई, बँकॉक अशी मोजकी जवळची ठिकाणं, तीही छोट्या विमानांनी. 2008 ला लुफ्थान्साचं फ्रँकफर्टचं विमान पुण्यातून सुरू झालं होतं, चाकण-पिंपरीत एवढ्या जर्मन कंपन्या आहेत, मागणी काय कमी होती का, तेही पुढे बंद पडलं. धावपट्टी वाढवायचा प्रस्ताव मी कित्येक वर्षं पेपरात वाचतोय. जमीन कोण घेणार, पैसे कोण किती देणार, राज्य किती, महापालिका किती, हवाई दल काय म्हणतंय, प्रत्येक बैठकीनंतर बातमी येते आणि पुढच्या बैठकीपर्यंत शांतता.

या 2535 मीटरची किंमत कोण मोजतं ते सांगतो. आमच्या धानोरीत, कोथरूडला, निगडीला, कुठल्याही सोसायटीच्या गेटवर रात्री नऊ-दहाला उभं राहा. एखादे आजी-आजोबा दिसतील, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले. दोन मोठ्या बॅगा, स्प्रिंगच्या काट्यावर तीनतीनदा वजन करून तेवीस किलोच्या आत बसवलेल्या, आत डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी, बॅगेच्या मुठीला ओळखायला लाल रिबन बांधलेली. विमान पहाटे चारचं, तेही मुंबईहून. शेअर टॅक्सी येते, आधीच दोघं बसलेले असतात, अजून एकाला वाकडला घ्यायचं असतं, आजोबांना गुडघ्याचा त्रास म्हणून पुढची सीट मागितलेली पण तिथे कुणीतरी बसलेलं. मग घाट, खालापूरला चहा आणि बाथरूम, पावसाळा असेल तर दरड पडली का हे फोनवर बघत बघत, खंडाळ्यात एखादा कंटेनर आडवा झाला की टॅक्सीतलं बोलणंच बंद होतं, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. वीस तासांचा विमानप्रवास सुरू व्हायच्या आधी ही माणसं दमलेली असतात. माझ्या ओळखीच्या एका काकूंचं विमान असंच घाटात अडकून सुटलं, तिकिटाचे पैसे गेले ते गेले, पण रात्रभर त्या एकट्या बाकावर बसून राहिल्या आणि मुलाला फोन करून सांगत होत्या की मी मजेत आहे.

परत येतानाही तेच. अठरा-वीस तास प्रवास करून माणूस मुंबईत उतरतो आणि पुण्याचं घर अजून चार तास लांब असतं.

आता कुणीतरी म्हणेल, अहो नवी मुंबई झालं ना, तिकडे जा, जवळ पडतं. पडतं, मान्य आहे, मुंबईचं ट्रॅफिक वाचतं. पण घाट तर तोच आहे, एक्स्प्रेसवे तोच आहे, टॅक्सीचे पैसे तेच आहेत. आणि मला भीती वेगळीच वाटते. नवी मुंबईचं कारण पुढे करून लोहगावची धावपट्टी अजून मागे पडेल. आधी पुरंदर होतं, आता दोन कारणं झाली. पुण्यासारख्या शहराने, जिथे आयटी आहे, गाड्यांचे कारखाने आहेत, जगभरातून विद्यार्थी येतात, वर्षाला एक कोटीच्या घरात माणसं विमानाने ये-जा करतात, त्याने परदेशी जायला कायम दुसऱ्या शहराचं दार ठोठवायचं हे मला पटत नाही.

गर्दीचं दुसरं कारण म्हणजे विमानं उभी करायची जागा. विमान वेळेवर उतरतं, कॅप्टन सांगतो की बे मोकळा नाही, थोडं थांबावं लागेल, आणि तोवर निम्मे लोक उभे, वरचे कप्पे उघडलेले, मागे कुणाचं तरी बाळ रडतंय, एसी मंद झालेला. मे 2024 मध्ये पुण्यात एक विमान टग ट्रकला, म्हणजे विमान ओढणाऱ्या गाडीला, धडकलं, सुदैवाने कुणाला काही झालं नाही, पण ते विमान तपासणीसाठी कितीतरी दिवस तिथेच एका बे वर उभं होतं आणि तेवढ्याने सगळ्या विमानांचं वेळापत्रक ओढाताणीवर आलं. एक विमान हललं नाही तर शहराचा विमानतळ अडतो, इतकी आपली जागा तुटपुंजी आहे. हवाई दलाची अडचण मला समजते. तिथे लढाऊ विमानं आहेत, सराव असतो, देशाचं काम आहे, त्याच्या आड कुणीच येऊ नये. पण दोन खात्यांनी बसून जमिनीच्या बदल्यात जमीन असा व्यवहार करायचा तर ते दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनीच करायचं, प्रवासी काय करणार. आणि एकच धावपट्टी असली की काय होतं तेही पाहिलंय आपण, ऑक्टोबर 2021 मध्ये डांबरीकरणासाठी 14 दिवस पुण्याचा विमानतळ पूर्ण बंद होता. पूर्ण बंद! एवढ्या मोठ्या शहराचा.

रस्त्याबद्दल तुम्हाला काय सांगू, तुम्ही महापौर होतात. हिंजवडीहून संध्याकाळी निघालेला माणूस लोहगावला पोचेपर्यंत तेवढ्या वेळात विमान दिल्लीला पोचतं. विमाननगरचा सिम्बायोसिस चौक, 509 चौक, येरवड्याचा गुंजन चौक, सगळीकडे तीच रड, आणि सकाळच्या पहिल्या विमानांना तरी रस्ता मोकळा मिळेल म्हणावं तर पहाटे रिक्षावाला मागेल ते द्यायचं. मेट्रो मार्च 2024 ला रामवाडीपर्यंत आली, रामवाडी ते विमानतळ हे काही किलोमीटरचं अंतर, आणि तिथेच माणूस बॅग घेऊन नगर रोडवर उभा राहतो. वनाजहून मेट्रोत बसलेल्याला रामवाडीला उतरल्यावर समोर बस उभी दिसली पाहिजे, दर दहा मिनिटांनी, पहाटे चारपासून रात्री शेवटच्या विमानापर्यंत, सामान ठेवायला जागा असलेली, पायऱ्या कमी असलेली. याला ना जमीन घ्यायचीये ना हवाई दलाची परवानगी लागते, पीएमपी, मेट्रो आणि विमानतळ या तिघांना एका टेबलावर बसवायचंय, आणि ते टेबल तुमच्याइतकं सहज दुसरं कुणी मांडू शकत नाही. मेट्रो पहाटे चालत नाही हेही खरं, म्हणून स्वारगेट आणि शिवाजीनगरहून रात्रीची बस वेगळी हवी.

सात गावांबद्दलही एक बोलायचंय, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. पुरंदरच्या शेतकऱ्यांना जमीन मागताना आमची गर्दी पुढे केली जाते, पुणेकरांचे हाल बघा म्हणून. अण्णा, आमच्या हालांच्या नावाने त्यांच्यावर घाई करू नका. अंजिराची, सीताफळाची बाग लावून वाढवायला माणसाची उमेदीची वर्षं जातात, त्यांचं म्हणणं ऐकायला वेळ लागला तर लागू दे, पैसे द्यायचे तर असे द्या की त्यांची पुढची पिढी वॉचमन होणार नाही. लोहगाव नीट चाललं तर सरकारला तेवढा वेळ मिळतो आणि त्यांच्याशी घाईत भांडावं लागत नाही. लोहगाव सुधारणं हे पुरंदरच्या विरोधात आहे असं जे बोललं जातं ते मला मुळीच मान्य नाही.

लोहगाव म्हणजे तुकोबांचं आजोळ. विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झालाय, माझ्या घरी वारी आहे, मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्या नावाचा बोर्ड लागेल त्या दिवशी धावपट्टीचं कामही कागदावरून जमिनीवर आलेलं असावं असं फार वाटतं.

तर आता मागणं. धावपट्टी वाढवायच्या कामाचं नेमकं काय झालंय, किती जमीन लागणार, त्यातली किती ताब्यात आली, पैशाचा कोणाचा वाटा अडलाय, हवाई दलाकडे काय प्रलंबित आहे, हे सगळं एका साध्या मराठी पानावर लिहून दर तीन महिन्यांनी जाहीर करा. अडलं असेल तर अडलंय म्हणून लिहा, आम्हाला चालेल, निदान कुणाकडे जाऊन बोलायचं ते कळेल. नवीन बे कधी आणि किती येणार तेही त्यातच लिहा. इमिग्रेशनची किती काउंटर कुठल्या वेळेला चालू असतात ते लिहा, कारण दोन इंटरनॅशनल विमानं एकदम आली की रांग कशी होते हे त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा. आणि रामवाडीची बस तेवढी या पावसाळ्याच्या आत सुरू करा.

विमानतळ सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत उद्योगवाले, ट्रॅव्हलवाले, अधिकारी सगळे असतीलच. त्यांच्यासोबत महिन्यात चार वेळा उडणारा एक साधा नोकरदार आणि व्हीलचेअर घेऊन प्रवास करणाऱ्या एक आजी, एवढ्या दोघांना बोलवा. बोलवायला माणसं मिळत नसतील तर धानोरीत या, मी गाठ घालून देतो.

आपला,
धानोरीतला एक प्रवासी